अंजिराची खुशाली

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप सुलेखाताई,

धाकट्या दत्तूचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? नांदेडला ऊन तापलं असेल; इथं तर सकाळी नऊलाच अंगण पोळतंय.

दर फोनला तू "अंजीर कसंय?" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणून विषय बदलतो. खरं सांगायला फोन पुरत नाही, म्हणून हे पत्र. तू रुजवून दिलेली फांदी मी भिंतीलगत लावली, तिथवर ठीक होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पानं पिवळी पडली. आमच्या नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, त्यामुळं मला जिथं-तिथं तहानच दिसते. टाकीतलं, भाजी धुतलेलं, पाहुण्याच्या तांब्यातलं (पाहुणा अजून पीत होता) असं सगळं पाणी मी झाडाला घातलं. अंबिकेच्या चादरी धुवायच्या राहिल्या. तरी पानगळ थांबेना. शेवटी तिनंच खुरप्यानं बुंध्याशी उकरलं, तर खाली काळा, आंबलेला चिखल.

"अहो, हे तहानेनं नाही, बुडून मरतंय!"

सगळी गल्ली टँकरची वाट बघत होती आणि माझं झाड बुडत होतं. चर काढला, मातीत वाळू मिसळली, झाड वाचलं. मग वाटलं, दुखण्यातून उठलंय, खुराक हवा. शहागंजातून युरिया आणला. दुसरी पिशवी मागितली तेव्हा दुकानदार म्हणाला, "चच्चा, झाड लगाए या पहलवान पाले?" पानं आली ती पत्रावळीएवढी. फळ एकही नाही.

इकडं पुण्याहून शंतनूचा फोन : "बाबा, ते झाड काढून गाडीला शेड घालू या." अंबिकाही (चादरींमुळं) मुलाच्या बाजूची. मी एका हंगामाची मुदत मागून घेतली. छाटणी केली की फळ धरतं असं वाचलं होतं, म्हणून भर दुपारी बनियनवर कात्री घेऊन झाडात शिरलो. अंजिराचा चीक अंगावर पडून त्यावर ऊन लागलं की काय होतं, ते माझ्या वाचनात आलं नव्हतं. दोन्ही दंडांवर लाल चट्टे, फोड. शेजारचे सुदर्शनराव भिंतीवरून म्हणाले, "सर, या वयात गोंदवून घेतलं?"

पण फळं धरली, ताई! सुपारीएवढी झाली आणि टपाटप गळली, कारण आता मी पाणी घालायलाच भीत होतो. मग बुंध्याशी पालापाचोळा पसरला, बेताचं पाणी ठेवलं. उरलेली फुगली, जांभळी झाली, तर बुलबुल आले. मी घरातली मच्छरदाणी झाडाला बांधली. "आता डासांना मी काय पत्ता देऊ?" एवढंच अंबिका बोलली. एक बुलबुल आतच अडकला आणि सुटका होईपर्यंत निवांत जेवला.

शेवटी एकच फळ पुरतं पिकलं. आम्ही दोघांनी अंगणातच उभ्यानं अर्धं-अर्धं खाल्लं. उन्हानं कोमट झालेलं, आत लाल, मधासारखं. मग पदराला हात पुसून अंबिकेनं शंतनूला फोन लावला : "गाडी रस्त्यावर राहील रे. तिला काय कुणी चोच मारत नाही."

दाजींना नमस्कार.

तुझा,
दत्तू

ता.क. बाकी विशेष काही नाही. पुढच्या आठवड्यात अंबिकेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. किरकोळच असतं म्हणे, पण ती फार घाबरली आहे. रात्री उठून बसते. तू चार दिवस येऊन राहिलीस तर तिला धीर येईल.

ता.ता.क. वन्सं, अंबिकेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. ऑपरेशन माझं नाही, यांचं आहे. उठून बसतात तेही हेच. तुम्हाला कळवू नको म्हणून मला शपथ घातली आहे, तेव्हा मी काही कळवलेलं नाही. पण या.