पाचवा हात

त्रिशूर, केरळ

आये, तुज्या पायावर डोकं ठेवतो.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून पत्र. मंगल वाचून दाखवंल. अक्षर आकारामचं हाय, भिऊ नको. सोनं गाळताना ॲसिड उडून माझा उजवा हात जरा भाजलाय. चर्चच्या फादरनी दवाखान्यात नेलं, मालकाला झाडलं, आता चर्चमधीच ठेवून घेतलंय.

खंडोबाची तळी मात्र चुकली न्हाई. हॉल त्यांनीच उघडून दिला. तळी उचलाय पाच जण लागत्यात. आमी गावाकडचं बरोब्बर पाच, आणि माझा हात उठंना. फादरनी खालनं कोपर धरलं.

तुजा खोकला कसा हाय?

आये, त्यांचा पांढरा झगा भंडाऱ्यानं पिवळा झाला. तसाच घालून ते प्रार्थनेला उभं ऱ्हायलं.

तुजा तानाजी