अपुऱ्या उंटाची व्यवस्था

मी, या लेखाच्या शेवटी स्वहस्ते सही करणारी, शिल्पकलेची निवृत्त प्राध्यापिका, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, कोणत्याही औषधाच्या अमलाखाली नसताना, आणि मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडून, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या मृत्युपत्राने सांगून ठेवीत आहे. माझ्या हाताचा कंप थांबावा म्हणून डोक्यात करावयाच्या शस्त्रक्रियेसाठी मला उद्या सकाळी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. शस्त्रक्रिया अगदी साधी आहे, असे सर्वजण मला इतक्या वेळा सांगत आहेत की ती साधी नसावी.

हात कापत असल्याने लेखन वकीलबाई करीत आहेत. शब्द सर्वस्वी माझे आहेत. घरगुती तपशील वगळावेत असे त्यांनी मघाशी सुचवले. वगळू नयेत. कोणती वस्तू कोणाला हे सांगायचे आणि का ते सांगायचे नाही, याला हुकूम म्हणतात; मी आयुष्यभर हुकूम सोडले, परंतु कारण दिल्यावाचून एकही सोडलेला नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यांतील शेवटच्याची भाषा इतकी ढिसाळ होती की ते कोणाच्या हाती पडण्यापूर्वी फाडून टाकावे.

कलम १. घर. वरचा मजला आणि खालची कार्यशाळा माझ्या एकुलत्या एका कन्येस मिळावी. मागील खोलीत माझा धाकटा भाऊ हयातभर राहील. त्याला तेथून कोणी हलवू नये. मात्र त्याने कार्यशाळेत शीळ घालू नये. ही अट माझ्या मृत्यूनंतर कशी लागू होणार, असे वकीलबाई विचारतात. भाऊ येथेच बसला आहे आणि त्याने ऐकले आहे, एवढे पुरे.

कलम २. बँकेतील ठेवी. त्या मी जेथे शिकवले त्या महाविद्यालयास द्याव्यात. त्यांतून माझ्या नावाचे पारितोषिक, व्याख्यान अथवा तैलचित्र यांपैकी काहीही करू नये. विद्यार्थ्यांसाठी हत्यारांना धार लावण्याचे उत्तम दगड घ्यावेत. बोथट पटाशीने काम करणाऱ्यांना प्रेरणा देऊन काही उपयोग होत नाही.

कलम ३. हत्यारे. सर्व पटाश्या, रंधे, कानशी आणि पटाशीवर ठोकायच्या लाकडी मोगऱ्या कन्येस. अपवाद एक. अर्ध्या इंचाची गोल पटाशी, जी परदेशातून हातसामानात आणण्यासाठी मी विमानतळावरील अधिकाऱ्यांशी भांडले होते, ती वापरून माझ्या भावाने रंगाचा डबा उघडला. ती पटाशी त्याला मिळावी. डबाही.

"ताई, त्याला आता बारा-पंधरा वर्षं झाली असतील," भाऊ म्हणतो.

"धार अजून आलेली नाही."

"मेल्यावर तरी सोडशील, असं वाटलं होतं."

"म्हणून तर लिहून ठेवते आहे."

वकीलबाई मला बसायला सांगत आहेत. मला बसून विचार करता येत नाही. मी खिडकीपर्यंत जाऊन येते. त्यांनी तोवर मागचे वाक्य नीट करावे, त्यात स्वल्पविराम चुकला आहे.

कलम ४. सापडलेल्या वस्तू. कार्यशाळेच्या उत्तरेकडील भिंतीचे सर्व खण, त्यांतील छत्र्यांच्या काड्या, कुलुपे हरवलेल्या किल्ल्या, नळांच्या तोट्या, चष्म्यांच्या दांड्या, शिवणयंत्रांची चाके यांसह, समोरच्या घड्याळजींना द्यावेत. ते त्यांतील निम्म्या वस्तू फेकून देतील हे मला ठाऊक आहे. परंतु फेकण्यापूर्वी ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन फिरवून पाहतील, हेही ठाऊक आहे. माझ्या ओळखीत दुसरे कोणी एवढेही करणार नाही.

या खणांबाबत एक नियम सांगणे आवश्यक आहे, कारण माझे सगळे काम त्यावर उभे आहे. सापडलेली वस्तू मी कधी कापली नाही, घासली नाही, वाकवली नाही, रंगवली नाही. ती जशी सापडली तशी बसेल असे लाकूड कोरायचे. जुळवून घ्यायचे ते लाकडाने. माझ्या भावाने यावर एकदा भर जेवणात शेरा मारला होता, "घरातही तेच चाललंय. आपण सगळे लाकूड, आणि ताई म्हणजे वस्तू." त्या दिवशी सर्वजण हसले होते. मी हसले नव्हते. उपमा बिनचूक होती.

कलम ५. मी कोरलेले, पूर्ण झालेले लाकडी प्राणी. शहरातील मोठ्या कलादालनास यांतील एकही देऊ नये. त्याच्या संचालकांनी माझ्या प्रदर्शनाच्या पाटीवर "आजीबाईंची खेळणी" असे छापले. मी त्यांना पत्र लिहून विचारले की, हेच काम एखाद्या आजोबांनी केले असते तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? उत्तर आले नाही. घाटदार मगर, चिडका बगळा, पावसाला घाबरणारे बेडूक, शिंकणारा गेंडा, हे सर्व अशा खोल्यांत ठेवावेत जेथे लोकांना ताटकळत बसावे लागते. दंतवैद्य, न्यायालय, रुग्णालय, कोठेही. मला स्वतःला ताटकळणे कधी जमले नाही. प्राण्यांना काचेच्या पेटीत ठेवू नये. प्रत्येकाला एक दांडा आहे. तो फिरवू द्यावा. मोडले तर मोडले.

हत्ती मात्र कन्येकडेच राहील. तिचे आणि त्याचे एक प्रकरण आहे. ते पुढे येईल.

कलम ६. उंट.

उंट पूर्ण नाही. पोट आणि पाय अक्रोडाच्या लाकडाचे. गुडघ्यांना दाराच्या बिजागऱ्या. पाठीवरच्या उंचवट्याला दोन किटल्यांची झाकणे, मान म्हणजे मोरीच्या नळाचा वाकडा पाइप, शेपूट म्हणजे दाढीचा झिजलेला ब्रश. दांडा फिरवला की उंट खाली बसू लागतो आणि अर्ध्यावर त्याचा विचार बदलतो. ती हालचाल साधायला मला एक अख्खा हिवाळा लागला. मानेच्या टोकाला लाकडाचा एक कोरा ठोकळा आहे. तेथे चेहरा यायचा आहे. त्याच सुमारास हात कापू लागला.

उंटाच्या चेहऱ्यावर समोरच्या माणसाविषयीचे त्याचे मत दिसले पाहिजे. "मग समोर आरसा ठेव आणि कोर," हे अर्थात भावाचे. शेजारच्या सुताराकडून तोंड बसवून घ्यावे, असेही तो म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

डॉक्टरांना मी विचारले, कंप थांबल्यावर हात पुन्हा कोरू शकेल का? ते म्हणाले, "आधी तो थांबू तर द्या." हे उत्तर नव्हे. म्हणून मी ठरवले आहे की, मी परत न आल्यास अथवा आल्यावर हात उपयोगाचा न राहिल्यास उंट जाळावा.

वकीलबाईंनी "जाळावा" हा शब्द लिहिला त्याच क्षणी माझी कन्या रुग्णालयाची पिशवी भरण्यासाठी खोलीत आली. ती संग्रहालयात जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करते. पुढील संभाषण वकीलबाईंनी शब्दशः लिहावे.

"जाळायचा? उंट?" ती म्हणाली.

"कोणी दुसऱ्याने पुरा केला तर तो माझा राहत नाही. तसाच राहिला तर लोक त्याची कीव करतील. तू पुरा करशील?"

"नाही. गेलेल्या माणसाचं काम पुरं करणं आमच्या पेशात बसत नाही, आई. मी त्याला जपेन. कीड लागू देणार नाही, धूळ पुसेन, खाली पाटी लावेन, 'अपूर्ण'."

"त्यापेक्षा काडी लाव."

येथे हत्तीचे प्रकरण सांगणे भाग आहे. एका प्रदर्शनात हत्तीचा कान पडून फुटला होता. तिने तो जोडला, आणि फटीत मुद्दाम फिकट लाकूड भरले. मी म्हणाले, भेग दिसते आहे. ती म्हणाली, "दिसायलाच हवी. दुरुस्ती लपवली की ती फसवणूक होते." मी ते लाकूड उकरून काढले आणि कान माझ्या पद्धतीने जोडला; भेग आजही शोधून सापडत नाही. त्यानंतर ती कार्यशाळेत आली नाही. वर येते, भाजी आणते, माझी औषधे पाहते. जिन्याच्या खाली पाऊल टाकत नाही. आम्हा दोघींपैकी कोण बरोबर, हा प्रश्न येथे उपस्थित होत नाही. मी बरोबर होते.

तिने पिशवीतले टॉवेल बाहेर काढून पुन्हा घड्या घातल्या. चिडली की ती घड्या घालते. मग म्हणाली, "पण तू अजून गेलेली नाहीस ना? गेलेल्या माणसाच्या कामात मी हात घालत नाही. तुझ्या घालेन. तू शेजारी बसून सांग, मी कोरते. हात माझा, नजर तुझी."

"मला बसून सांगता येत नाही."

"मग उभी राहून सांग. येरझाऱ्या घालत सांग. छताला लटकून सांग."

"आणि ओरडायचं नाही, हे लिहून घे," भाऊ म्हणाला.

"मामा, तसलं कलम कुठलंही कोर्ट मान्य करणार नाही."

"आज दिवसभरात चेहरा होत नाही," मी म्हणाले. "नाकपुड्यांनाच एक दिवस जातो. उद्या सकाळी मी जाणार, आणि उंट उरेल एका नाकपुडीचा."

"मग उरेल. तू आलीस की दुसरी करू."

"आणि नाही आले तर?"

तिने खुंटीवरची कार्यशाळेची किल्ली काढली आणि ती जिना उतरून गेली. मी थांब म्हणाले. ती थांबली नाही. हा स्वभाव तिने कोठून घेतला याची चर्चा भावाने सुरू केली होती. ती वकीलबाईंनी लिहू नये.

सबब कलम ६ पुढीलप्रमाणे वाचावे. उंट जाळू नये. उद्या सकाळपर्यंत त्याचा चेहरा जेवढा होईल तेवढा माझ्या नजरेखाली झाला असे समजावे. मी परतले नाही, तर उरलेला चेहरा माझ्या कन्येने करावा किंवा करू नये. करायचा झाल्यास कोणत्या लाकडाने, कोणत्या रंगछटेने, सांधा दाखवून की लपवून, हे सर्वस्वी तिने ठरवावे. तिला कोणी माझे नाव सांगून दटावू नये. हे वाक्य वकीलबाईंनी मला वाचून दाखवले. माझे ते वाटत नाही, परंतु ते तसेच ठेवावे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांचे अक्षर चांगले आहे. कलम ८ माझ्या अंत्यविधीसंबंधी असून ते सविस्तर सांगायचे होते, परंतु खालून मोगरीचे ठोके ऐकू येऊ लागले आहेत आणि ठोके जड पडत आहेत. ती लाकडाच्या रेषेच्या उलट कोरते आहे. दोन ठोक्यांत ओठ उडेल. अंत्यविधी कसाही करावा.

वरील मजकूर मी वाचून घेतला आहे, मला तो मान्य आहे, आणि माझी सही मी खालील दोन साक्षीदारांसमोर करीत आहे. त्यांनी कृपया माझ्याबरोबर जिना उतरावा. येथे थांबायला मला वेळ नाही.

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १. सही (घड्याळजी, समोरचे दुकान). बाईंनी माझ्यादेखत सही केली. सही करताना त्यांची नजर कागदावर नव्हती.

साक्षीदार २. सही (डॉक्टर). बाई पूर्ण शुद्धीवर होत्या व मोठ्याने बोलत होत्या. कागदावरील भुसा लाकडाचा आहे.

स्थळ : ~~वरची खोली~~ कार्यशाळा
दिनांक : रुग्णालयात दाखल होण्याआधीचा दिवस, दुपार