चार पावलांचा वळसा

प्रिय खारूताई,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. हिवाळ्यात अंधार पडल्यावर घोड्यावरून रस्त्याने जाताना काय काळजी घ्यावी, याचं घोडेस्वार मंडळाने तुझ्याकडून लिहून घेतलेलं पत्रक आणि सोबत तुझी चिठ्ठी, की शुक्रवारी हे छापायला जाणार, त्याआधी लाल पेनाने काय खोडायचं ते खोडून पाठवा. चाळीस वर्षं लीद काढलेल्या माणसाला तू एकदम मास्तर करून टाकलंस. आज मंगळवार. पत्रक जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. तुझ्या आईने ते दोनदा वाचलं, पदराने डोळे पुसले आणि पोरीने किती धीराने लिहिलंय म्हणाली. मी बाहेर जाऊन उगाचच बादल्या घासत बसलो. तू सुरुवातच अशी केली आहेस, की मागच्या हिवाळ्यात मी पायदिवा चुकीच्या पायाला बांधला, त्यामुळे माझी घोडी मेली, गाडीवाल्याचा त्यात काही दोष नव्हता, तुम्ही तरी ही चूक करू नका. हे आता गावोगावच्या पागांच्या दारांवर लागणार, खाली तुझं नाव.

आधी बारीकसारीक सांगतो. खुराच्या तळव्याला चरबी चोपडायचं लिहिलंयस ते बरोबर, नाहीतर आत बर्फाचे गोळे धरतात आणि घोडं उंच टाचांची चप्पल घातल्यासारखं लटपटतं. पण ‘जाड चरबी’ असं लिही, नाहीतर नवी मंडळी तोंडाला लावायचं क्रीम काढतील. चकाकत्या पट्ट्या घोड्याच्या चारही पायांना का, तेही सांग. हलणारी वस्तू डोळ्यांना आधी दिसते म्हणून. पिवळं जाकीट धुवायला सांग, चिखलाने माखलेलं जाकीट म्हणजे नुसतं ओझं. आपल्याकडे तेव्हा ना पट्ट्या होत्या ना जाकीट, पायदिवा हीच काय ती आपली सुरक्षितता, आणि त्याचाच मला केवढा तोरा होता. धुकं असेल तर बाहेर पडूच नये, हे तू सातव्या क्रमांकावर टाकलंयस, ते पहिलं घे. आणि ‘शक्यतो’ हा शब्द सगळीकडून काढ. शक्यतो म्हटलं की माणूस त्यातून पळवाट काढतो. मी काढली आहे, म्हणून सांगतो.

पायदिव्याचा मुद्दा तू फार छान मांडलायस. पुढून पांढरा, मागून लाल, रिकिबीच्या वर स्वाराच्या घोट्याला घट्ट, आणि कायम रस्त्याच्या बाजूच्या पायाला, म्हणजे आपल्याकडे उजव्या. नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी तुला हे शिकवलं. घोड्याचं सगळं डावीकडून असतं. खोगीर डावीकडून टाकायचं, पोटाखालचा तंग डावीकडून आवळायचा, चढायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून. तेव्हा तू विचारलं होतंस, की मग घोड्याला उजवी बाजू असते कशाला. दिव्यासाठी, असं मी उत्तर दिलं आणि तू खिंकाळल्यासारखी हसलीस. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात तू दिवा हातात घेऊन, घोड्याला पुढून वळसा घालून पलीकडे जायचीस, तो उजव्या रिकिबीला अडकवून ठेवायचीस आणि डावीकडून चढल्यावर वाकून स्वतःच पट्टा लावायचीस. अठरा वर्षांत एकदाही चुकली नाहीस. पागेच्या दारावर मीच पाटी लावली होती, ज्याचा पाय त्याने दिवा बांधायचा. दुसऱ्याने बांधलेल्या दिव्यावर भरवसा नको, हे माझंच तत्त्वज्ञान.

त्या दिवशीचं तुला चारच्या चहानंतर काहीच आठवत नाही. वरच्या पागेतला पाण्याचा नळ गोठून फुटला होता आणि आपण एकेक घोडं रस्त्याने खालच्या पागेत नेत होतो. तीन घोडी उजेडात पोचली. मावशी तेवढी उरली होती. घोडीला मावशी हे नाव तूच दिलंस, कारण ती नव्या शिंगरांना नाकाने ढकलून रांगेत उभी करायची. तू म्हणालीस, साडेपाच झालेत, मिट्ट काळोख पडलाय, मावशीला सकाळी नेऊ, मी तिला वर बादलीने पाणी देते. बरोबर बोलत होतीस. मीच म्हणालो, एका घोडीसाठी रात्रभर जीव टांगणीला कशाला, अर्ध्या तासाचं काम, उरकून टाक. तू माझं ऐकलंस. तुझ्या या गुणाचा मला आता राग येतो.

उजवीकडच्या वळणावर मागून पाववाल्याची गाडी आली. त्या वळणावर मागून येणाऱ्याला घोड्याची उजवी कूस दिसते, आणि मावशी तर काळीभोर. दिवा डाव्या पायाला होता, तिच्या पोटाआड. वाहतूक पोलिसाला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पट्टा कोणत्या पायाला होता ते त्याने पाहून घेतलं आणि पाटी वाचून ज्याचा पाय त्याचा दिवा असं लिहून मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर आलीस. आधी मावशीचं विचारलंस. मग दिव्याचं. पोलिसाचा कागद तुझ्या उशाशी होता. मी खरंच डावीकडे बांधला का बाबा, असं तू विचारलंस आणि मी खिडकीचा पडदा सरळ करायला उठलो. तो पडदा सरळच होता.

त्यानंतर तू काठी टेकत घरी आलीस आणि महिन्याभरात शहरात निघून गेलीस. कुठल्याशा कचेरीत पत्रांवर शिक्के मारतेस. जिच्या हाताखाली बिथरलेलं घोडं पाच मिनिटांत मान खाली घालायचं, ती. तुझी आई म्हणते काळ जाऊ दे, पोर परत येईल. मला माहीत आहे तू येणार नाहीस. आपल्या हातून मावशी मेली असं ज्याला वाटतं तो पागेत पाऊल कसं टाकेल? पाववाला अजून अधूनमधून येतो, दारात उभा राहतो, घोड्यांना गाजरं देतो आणि निघून जातो. दोन घोडी मी देऊन टाकली. उरलेल्यांचा खरारा करतो तेव्हा हाताला काही जाणवत नाही. संध्याकाळी साडेचारला उजेड जायला लागला, की मला आतून विझल्यासारखं होतं आणि सकाळी उजाडतं तरी ते तसंच राहतं. जगण्यात मला आता काही गोडी राहिलेली नाही खारूताई, हे मी कुणाशी बोललो नव्हतो.

आता तुझ्या पहिल्या वाक्याकडे येतो. ते खोड. ते खोटं आहे. तू मावशीवर चढून बसली होतीस, दिवा तुझ्या हातात होता, पण फुटक्या नळाच्या पाण्याने तुझे हातमोजे भिजून गोठले होते आणि बोटांना पट्ट्याची कडी लागेना. तू दिवा माझ्याकडे दिलास आणि तुम्ही बांधा म्हणालीस. मी नुकताच तंग आवळून मावशीच्या डावीकडे उभा होतो. पलीकडे जायला चार पावलांचा वळसा होता. गुडघे दुखत होते, जमीन निसरडी होती, आणि मी होतो तिथेच वाकलो. तू वरून म्हणालीस, बाबा, उजवा. हो, माहितीये, असं म्हणून मी मावशीच्या ढुंगणावर थाप मारली. मी तुला चालतं केलं. हे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं आणि तुला आठवत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, देवाशपथ, माझा जीव भांड्यात पडला. बापाचा जीव असा भांड्यात पडावा! मंडळाला आणि पोलिसाला मी हेच लिहून आज सकाळी टपालात टाकलंय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तुझ्या आईला हे पत्र बंद केल्यावर सांगतो, त्यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. तुझ्याकडे मी काही मागत नाही. तुझी अकरा पत्रं माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकाच्या शेवटी तू मावशीसाठी माझी माफी मागितली आहेस, आणि प्रत्येक वेळी मी उलट टपाली तुला लिहिलं आहे, की जा पोरी, केलं माफ.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
बाबा