लंडनच्या घरावर सुनेचं नाव

चि. सौ. कुसुमलता,

सासरा सुनेशी थेट बोलत नाही, म्हणून लिहून ठेवतो. पारसच्या लंडनच्या घरासाठी मी सरकारी परवानगी न घेता हवाल्यानं पैसे पाठवले. पहिलं घर घरच्या लक्ष्मीच्या नावावर असावं, म्हणून तिथल्या कागदांत तुझं नाव घातलं. मुंबईचा दलाल काल पकडला गेला. आता चौकशीचे सरकारी साहेब तुलाच विचारतील, पासपोर्टही मागतील. देऊन टाक. मी पहिल्या एस.टी.नं धुळ्याला वकिलांकडे जातो आणि गुन्हा माझा, असं लिहून देतो. तू एवढंच सांग, ‘बाबूजींनी सहीला कागद आत पाठवला. घुंघटातून सुनेनं काय विचारायचं?’ ते खरंच आहे. पारसला तार मीच करतो, की तुला घ्यायला लंडनच्या विमानतळावर जाऊ नको.

— रिखबचंद