ईशान्येचे पाच दगड

२९ एप्रिल, मंगळ.
भूमिपूजन आटोपलं. खर्च: नारळ, हळदकुंकू, चांदीचा नाग, आणि व्हिडिओ कॉलवर बसलेल्या पुण्याच्या गुरुजींची झोप. तिकडे अक्षय्य तृतीया उजाडत होती, इकडे ऊन उतरत होतं. दगड फुकट. ओकच्या झाडाखाली पाच ओळीने उभेच होते, हलवून उपटले. रजूने घासणीने लख्ख केले. कॉटेजमागे नवी खोली निघणार, तिच्या ईशान्य कोपऱ्यात पुरले.
काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची, अट आहे: जुनी जागा, आर्किऑलॉजिस्ट हजर नसताना खोदायचं नाही. ती सोमवारी येणार. पण हातभर खड्डा म्हणजे काही खोदकाम नव्हे. असं मीच ठरवलं.

५ मे, सोम.
हॅना आली, आर्किऑलॉजिस्ट. पोरगीच, पण नजर घारीची. जेसीबीने बोटभर माती काढली की हात वर, सगळे थांबा, ही खाली उतरून खुरपीने बघणार. मी म्हटलं, "तीस वर्षं इथे हर्नडनमध्ये फरशा बसवतोय. दगड एकदा हातातून गेला की दहा वर्षांनी ओळखीन." म्हणाली, "मग माझी नोकरी गेलीच!" मी दिवसभर खुशीत.

६ मे, मंगळ.
शेजारच्या डोरथीबाई आल्या. ऐंशीच्या पुढे, काठी, डोक्यावर हॅट. ओकखाली हॅनाशी बोलत होत्या. मी पोर्चवर, पण माझे कान तिखट.
"आमची माणसं इथे पुरलीत. गुलाम होती, नाव कोरायला कोण देतंय? माणसामागे एक दगड. आई हात धरून दाखवायची. ओढ्याकडून तिसरा, तो माझ्या पणजीचा."
हॅना म्हणाली, "जमीन खचलेली दिसतेय. पण दगड नाहीत. नुसते खड्डे दाखवले तर काउंटी म्हणेल झाडाच्या मुळांचे. मग बांधकाम थांबवता येणार नाही."
म्हणजे मी गप्प बसलो तर माझी खोली होते.
चहा तसाच निवला.

७ मे, बुध.
रजूला सांगितलं. "पुजलेले दगड उकरायचे? काहीतरीच काय, अहो!" मग तासाभराने फोडणी टाकताना, पाठमोरीच म्हणाली, "आपण पुजायच्या आधी ते कुणीतरी पुजलेलेच होते ना."
पहाटे जाऊन गुपचूप परत रोवून यावेत, असंही मनात आलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

८ मे, गुरु.
हॅनाला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. वही काढली. कधी काढले, कुठून, किती खोल. काम थांबवलं. कोपरा तिनेच उकरला. नाग, सुपाऱ्या, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, नंबर घालून.
डोरथीबाईंना फोन मीच केला. दगड ताडपत्रीवर मांडलेले. त्यांनी कुंकवाला बोट लावून पाहिलं.
"हे काय?"
"आमची पूजा. जमिनीला मान द्यायची पद्धत."
"मान," म्हणाल्या. मग काठीवर रेलून, "यातला माझा कुठला?"
मी एकेक उचलून पाहिला. दोनदा.
नाही ओळखता आला.