बिनरेतीच्या समुद्रात अधिकाचं वाण

हुडकेश्वर, नागपूर
अधिक महिन्यातला मंगळवार

चिरंजीव सुशीलले जावई मारोतरावाचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहून राह्यलो, खरं धरू नको. उमरेडले तुहा गुडघा आता बरा असन, अन् तुह्या घरवालीची, रितिकाची, शिलाई मशीन दुरुस्त झाली असन. पत्र लिहायचं कारण असं का तुही ताई पुष्पलता माह्यासंगं बोलत नाही, अन् त्याचं कारण तू पाठवलेली मासोळी आहे. (फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्याइत फोनवर बोललेलं तिले आधी ऐकू येते, मग तुले.)

तुले माहीत आहे, माही सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. कॉलनीत सकाळी पुसलेला ओटा दुपारी राखेनं भुरा. पुष्पलता दिवसभर झाडू मारे अन् मी, ज्यानं जन्मात झाडू उचलला नाही, पाहत राहो. म्हणून रिटायर झाल्यावर घरात समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्याची मासोळ्याइची काचपेटी, ठेवायचं ठरवलं (लोक म्हातारपणी तीर्थाले जातात, आम्ही खारं तीर्थच घरी आणलं), तवा एकच नियम केला का तळाले रेती नाही. खाली नुसती काच. रेतीत घाण बसते, दिसत नाही, अन् सडली का सारं प्रवाळ घेऊन जाते. काचेवर कचरा दिसते, पंपाच्या झोतानं उडते, मी नळीनं ओढून घेतो. तळ असा साफ का ताट मांडून जेवून घ्यावं. पण येणारा-जाणारा पहिले हेच विचारे, मारोतराव, रेती टाकायची राह्यली काय? शेजारचे बाबाराव तर म्हणत का बांधकामाची कन्हान नदीची रेती उरली आहे, एक घमेलं पाठवून देतो. मी सगळ्याइले समजावून सांगो. सगळे मान हलवत, अन् चप्पल घालता घालता परत रेतीचंच विचारत.

त्यात हे नागपूरचं ऊन. समुद्राले गरमी चालत नाही, म्हणून एसी समुद्राले अन् आम्ही दोघं कूलरपुढं. फिल्टरचं पहिलं पाणी समुद्राले, उरलं तर चहाले. तुही ताई तरी काही बोलली नाही गा. ती बोलायची थांबली ते या अधिकातच.

सासूबाई गेल्यावरचा हा पहिला अधिक. महिना लागला तशी ती चूप. माय नाही, आता कोण जावयाले वाण देते, माहेर सरलं माहं, असं एकदा कणीक भिजवता भिजवता म्हणाली. अन् चारच दिवसानं मासोळ्याइच्या दुकानातला माणूस तुह्या नावानं प्लास्टिकच्या पिशवीत पिवळीजर्द मासोळी घेऊन दारात उभा. सुशील, तिनं ती पिशवी पितळेच्या ताटात ठेवली, पिशवीले हळद-कुंकू लावलं, मले पाटावर बसवलं अन् माहेरच्या तर्फेनं स्वतःच ओवाळलं. रडून राह्यली होती अन् हसूनही राह्यली होती. अधिकात जावयाले भोकं पडलेली वस्तू द्यावी म्हणतात, अनारसे, बत्तासे. तू भोक पाडणारी वस्तू पाठवली.

कारण ही मासोळी रेतीत भोक पाडून झोपते. दुकानदारानं हे सांगितलं, पण मागाहून. संध्याकाळी समुद्राचे दिवे बंद झाले का ती नाक खाली करून काचेवर सूर मारते. परत वर येते, परत मारते. नाक सोललं बिचारीचं. आमच्या जुन्या दोन मासोळ्या खिडकीतल्या शेजारणीवानी पाहत राह्यतात. पुष्पलता वेताच्या मोढ्यावर बसून पाहते. पहिल्या दिवशी म्हणाली, हिले अंथरूण द्या. मी तिले नियम समजावला (कागदावर चित्र काढून, माही अक्कल पाहा). तवा ती जे बोलली ते शेवटचं.

"माह्या माहेरून आलेली आहे ही. तुमच्या साफ काचेवर डोकं आपटून मरू देता काय?"

तवापासून ताट समोर येते, शब्द येत नाही.

वापस पाठवावी तर अधिकाचं वाण कोणी वापस करते काय? ठेवावी तर मरते. धरलं तर चावते, सोडलं तर पळते. अन् मेली तर तुही ताई जन्मभर म्हणन का माहं माहेर यानंच मारलं. मले खरंच भेव वाटून राह्यलं. म्हणून हात जोडून सांगतो, रविवारी ये अन् मासोळी घेऊन जा. वापस म्हणून नाही, हवापालटाले म्हणून.

तुहा कष्टी जावई,
मारोतराव

ता.क. पाकिटाले डिंक लावून राह्यलो होतो, तितक्यात पुष्पलता ऑटोनं नंदनवनच्या दुकानात जाऊन पांढरी रेती घेऊन आली. दह्याच्या काचेच्या वाटीत भरली अन् मले न विचारता कोपरापर्यंत हात समुद्रात घालून तळाले ठेवली. दिवे बंद होताच मासोळी अशी घुसली का शेपटीही दिसत नाही. माहा सारा नियम त्या वाटीत बुडाला.

ता.क. दुसरं. पत्र टाकायचं राह्यलं, दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, अन् मासोळी अजून वर आली नाही. मी म्हटलं, मेली असन, वाटी काढून पाहू. तवा तुही ताई बोलली. "राहू द्या. माहेरी आलेली पोरगी पहिले दोन दिवस झोपूनच राह्यते. माही माय मले उठवत नव्हती." अन् आत जाऊन कितीतरी वेळ भांडे घासत बसली, घासलेलेच.

ता.क. शेवटचं. मासोळीचं राहू दे, ती जिवंत आहे का नाही तेही मले माहीत नाही. सासूबाईच्या तेरवीनंतर पुष्पलता उमरेडले आलेली नाही. ती स्वतःहून म्हणणार नाही, अन् जावयानं बायकोसाठी माहेरपण मागायची आपल्यात रीत नाही. तरी मागून राह्यलो. रविवारी ये अन् तिले घेऊन जा. मी लिहिलं हे सांगू नको. रितिकाले सांग का तिले कामाले हात लावू देऊ नको, अन् झोपन तितकं झोपू देजो.