फासेलिसला राहिलेल्या सासूबाई

अंताल्या, २० मे

प्रिय ताजेत्तिन,

तुला सलाम, गुल्तेनला सलाम, दोन्ही मुलींच्या डोळ्यांचे पापे. इकडे सगळे बरे आहेत. माझा डावा गुडघा तेवढा बरा नाही, पण त्याची चौकशी तू करणार नाहीस, म्हणून मीच सांगून टाकलं.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून वाटलं असेल, कुणीतरी गेलं. घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. सासूबाई ठणठणीत आहेत. कालच दारापुढची जागा चांगली ट्रकएवढी मोकळी असताना त्यांनी मला गाडी तीनदा पुढेमागे करायला लावली. तीस वर्षं मी या शहराला गाडी चालवायला शिकवलं. तुलाही मीच शिकवलं. चढावर गाडी थांबवायची वेळ आली की तुझे ओठ हलायला लागायचे. पण सासूबाईंच्या लेखी मी अजून शिकाऊच आहे.

तुमच्या इस्पार्त्यात गुलाबाची तोडणी सुरू झाली असेल. इथे टोमॅटो उतरलेत. नेर्मिननं यंदा लोणच्याचा घाट घातलाय. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी नवी गाडी घेतली, पांढरी. आता पांढऱ्या गाडीबद्दल आणखी काय लिहिणार.

हे पत्र मी सकाळपासून चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हींत टोमॅटोच्या पुढे गेलोच नाही.

तर मुद्द्याचं. गुल्तेनचा फोन आला होता, मागच्या गुरुवारी. थोरलीला मागणी घालायला लोक येणार, चौदा जूनला. "आईला पाठवा, मी गाडी पाठवते," एवढंच बोलली. नेर्मिननं विचारलं, "आणि आम्ही?" तर म्हणे, "तुम्ही कशाला त्रास घेता." बहिणीनं बहिणीला असं म्हणावं. फोन ठेवून नेर्मिन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "हुलुसी, आपण यांचं असं काय वाईट केलं रे? आईला विसरून आला ताजेत्तिन, आणि रुसले ते."

मी म्हणालो, "काही लोकांना कळत नाही." आणि पेपर उघडला. पेपर आदल्या दिवशीचा होता.

हे सगळं सासूबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. हातात लोकर, डोळे माझ्यावर. ओळ पूर्ण केली आणि म्हणाल्या, "रविवारी मला फासेलिसला ने."

तुला माहीत आहे, त्या दिवसानंतर आमच्या घरात फासेलिसचं नाव कुणी काढत नव्हतं. त्याआधी महिन्यातून एक रविवार तिथेच. नेर्मिनला पडक्या शहराचे जुने दगड हवेत, गुल्तेनला समुद्र, मुलींना जंगल, तुला सावली आणि मला गाडी लावायला जागा. हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं म्हणूनच आपण दोन्ही घरं इतकी वर्षं न भांडता फिरलो. मी टाळाटाळ केली. उन्हाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गुडघा तुझा आहे. चालायचं मला आहे."

गेलो. नेर्मिननं चीज घातलेलं बोरेक केलं, मी चहाचा समोवर घेतला, कलिंगड घेतलं. केमेरपर्यंत सासूबाई दाराची कडी धरून बसल्या होत्या. समोरून बस आली की "बस" म्हणत होत्या, वळण आलं की "वळण". एका ठिकाणी "बकरी" म्हणाल्या, ती मात्र खरंच माझ्या लक्षात आली नव्हती.

तिथे पोचल्यावर नेर्मिन कलिंगड घेऊन पाण्याकडे गेली. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि त्या जुन्या दगडी रस्त्यानं मला थेट पडक्या दगडी नाट्यगृहापर्यंत चालवत नेलं. वय एकोणऐंशी. धापा मी टाकत होतो. तिसऱ्या पायरीवर बसल्या, समोर ताहतालीचा डोंगर पाहिला, आणि म्हणाल्या, "मी इथेच बसले होते. इथून गाड्या दिसत होत्या."

मला वाटलं, जुनी आठवण काढतायत. मी म्हणालो, "जाऊ द्या आई, झालं गेलं. ताजेत्तिनचंही वय झालं, राहून गेलं त्याच्या ध्यानातून."

त्या म्हणाल्या, "मला दिसत होतं, म्हटलं."

ताजेत्तिन, आता लिहितो. गुल्तेन जवळ असेल तर तिला बसायला सांग.

त्या दिवशी साडेतीनला आपण आवरायला घेतलं. फुटबॉल लीगचा शेवटचा सामना चार वाजता होता. सासूबाई गाडीत असल्या की रेडिओ लावता येत नाही, त्यांचं डोकं दुखतं. मी सामान भरताना त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "आई, तुम्ही आज ताजेत्तिनच्या गाडीत बसा, त्याच्याकडे गार हवा चांगली येते." नेर्मिनला म्हणालो, आईच म्हणतात त्यांना नातींबरोबर जायचंय. तुला मात्र काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण चाराला दहा मिनिटं राहिली होती आणि तुझं समोवर बांधणं संपत नव्हतं.

मग फाटकापाशी तू काच खाली केलीस आणि ओरडलास, "दादा, आई तुझ्याकडे?"

मी ऐकलं होतं. अर्धवट नाही, पूर्ण ऐकलं. पण संघ मैदानात उतरत होते, खेळाडूंची नावं सांगत होते, आणि मला वाटलं, हा आई बसल्या का विचारतोय, म्हणजे बसल्याच असणार त्याच्याकडे. मी हात वर केला. "हो, हो" असा. तू निघालास. नेर्मिन नळावर हात धुऊन गाडीत बसली आणि मी निघालो.

इथवर चूक आहे. चूक कुणाचीही होते. घरी पोचल्यावर मी जे केलं ती चूक नव्हती.

आठवतं ना, पाऊण तास सामान उतरवलं आणि कुणी ओरडलं नाही, म्हणून नेर्मिनच्या लक्षात आलं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण नेर्मिन म्हणाली, आई तर नातींबरोबर येणार होती. तू म्हणालास, "मी दादाला विचारलं. त्यानं हो म्हटलं." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुल्तेन, नेर्मिन, मुली, मास्तरसुद्धा, ते जिन्यात उभे होते. मी म्हणालो, "मला कुणी काही विचारलं नाही."

एवढंच वाक्य. ते तोंडातून गेलं आणि मला वाटलं, सासूबाई सापडल्या की सांगून टाकू. सापडल्या, तेव्हा सगळे रडत होते. दुसऱ्या दिवशी गुल्तेन आणि नेर्मिन भांडल्या, तेव्हा वाटलं, भांडण निवू दे. मग तुझ्या फार्मसीत गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "औषधं नीट मोजा हं, सासूसारखी विसराल," आणि तू दुकान इस्पार्त्याला हलवलंस. तेव्हा तर सांगायची सोयच उरली नाही. कुणी गाव सोडून गेल्यावर त्याला काय म्हणायचं, की गंमत होती?

आता सासूबाईंचं ऐक. त्यांनी तुझी हाक ऐकली होती, माझा हात पाहिला होता. त्या तुझ्या गाडीकडे निघाल्याच होत्या. म्हणाल्या, "दोघांनाही वाटलं मी दुसऱ्याकडे आहे. मी हाक मारणार होते. मग म्हटलं, पन्नास वर्षांत एक दुपार मला कुणी एकटं सोडलेलं नाही. आज सोडतायत, तर सोडू द्या."

म्हणून त्या मागे फिरल्या, ताजेत्तिन. मुद्दाम. चपला काढून पाण्यात पाय सोडून बसल्या. कोन्याहून आलेल्या एका कुटुंबानं त्यांना चहा दिला, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात दिला; त्यात मीठ कमी होतं, हे त्या अजूनही विसरलेल्या नाहीत. पाइनखाली झोपल्या. जाग आली तेव्हा एक रानडुक्कर त्या लोकांच्या पिशवीत तोंड घालून उभं होतं. त्याला त्यांनी आपल्या पिशवीनं हाकललं. आपण साडेसहाला धावत पोचलो, गुल्तेन त्यांच्या गळ्यात पडली, आणि त्या म्हणाल्या, "आलात? एवढ्या लवकर?" आपल्याला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलंय. तू तर त्यांची नाडी बघितलीस.

मी शेजारी पायरीवर बसलो. विचारलं, "मग आई, तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज बोलेल. जेवायला वाढताना मोठा कोफ्ता तुझ्या ताटात टाकायचे, म्हटलं लाजेल."

आणि मी समजत होतो, माझ्यावर जीव आहे. तीन वर्षांत सहा किलो वाढलो.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "मजा केली हे सांगायची लाज वाटली. त्या लाजेपायी एका लेकीचं माहेर तुटलं. माझ्या वाट्याचं मी गुल्तेनला तोंडावर सांगेन. तुझ्या वाट्याचं तू सांग. आणि फोनवर नको. फोनवर तू 'आवाज येत नाही' म्हणशील."

मला त्या किती ओळखतात बघ.

नेर्मिनला सोमवारी सकाळी सांगितलं, न्याहारीच्या वेळी. ती ब्रेडला जांभळाच्या रंगाचा कसलासा मुरंबा लावत होती. पूर्ण ऐकून घेतलं. मुरंबा कडेपर्यंत नीट पसरला. तो ब्रेड आईच्या बशीत ठेवला, आत गेली, आणि माझी उशी आणून गच्चीतल्या बाकावर ठेवली. मी तीन दिवस गच्चीत आहे आणि हे तिथूनच लिहितोय. काल फक्त एवढं म्हणाली, "माझी सख्खी बहीण होती ती, हुलुसी. मी तिला काय काय बोलले."

माफी मागतो. तुझी, आणि त्याहून जास्त गुल्तेनची. माझ्यामुळे तिचं आईकडे येणं बंद झालं. तीन वर्षांच्या सगळ्या ईद आणि धाकटीचा पदवीचा दिवस मी तुमच्यापासून हिरावले. ते परत देता येत नाहीत, हे मला कळतं.

चौदा तारखेला गाडी पाठवू नका. सासूबाईंना मीच आणेन, नेर्मिनही येईल. त्या दोघींना तुमच्या दारात उतरवेन आणि मी गाडीतच बसेन. आत बोलावलं नाहीस तरी वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी पाहीन. मागणी घालायला येणाऱ्यांनी विचारलं की बाहेर कोण बसलंय, तर ड्रायव्हर म्हणून सांग. खोटं नाही ते.

एकच मागणं आहे. हे पत्र वाचून फाडू नकोस. संध्याकाळी मुलींना समोर बसव आणि मोठ्यानं वाच, गुडघ्यापासून शेवटापर्यंत. त्यांनी तीन वर्षं ऐकलंय की त्यांचा बाप आजीला विसरून आला. खरं काय ते माझ्याच शब्दांत त्यांनी ऐकावं. मास्तरांना मी आज जिन्यात गाठून सांगितलंय. उद्यापर्यंत गल्लीला कळेल.

तू विचारलं होतंस, ताजेत्तिन. नीट, मोठ्यानं, वेळेवर विचारलं होतंस.

खोटं बोललेला तुझा साडू,
हुलुसी